कातरीनबायची अर्धी प्रार्थना

"कागद कोराच आणलात की," मी कातरीनबायला म्हणाले, आणि म्हणताना हातातलं लाल पेनसुद्धा खाली ठेवलं नाही.

शुक्रवारची संध्याकाळ होती. ती आमच्या ओटीवरच्या बाकाच्या अगदी कडेला टेकली होती. अंगावर चौकडीचं लुगडं, पावलांवर वाडीतला चिखल सुकलेला. वहीचं एक पान चार घड्या घालून तिने कनवटीला लावून आणलं होतं. ते उलगडून तिने माझ्यापुढे सरकवलं.

"मला कुठं लिहिता येतं, फिलू? मी सांगते, तू लिही. तू लिहितेस तसं छान लिही."

हे 'छान' मला फार आवडायचं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, शाळेत मराठी शिकवत होते आणि वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मिस्सेची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, सगळी वाचनं माझ्या ताब्यात होती. कोणी कोणत्या रविवारी वाचायचं, कुठे थांबायचं, वाचायच्या स्टँडवर येताना वेदीपुढे मान किती वाकवायची, सगळं मी ठरवायची. गावात माझ्यामागे मला 'छोटी फादरीण' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगते, राग वगैरे काही येत नव्हता.

याचं मूळ फादर एलायस. त्याआधी दोन वर्षं ते आमच्याकडे बदलून आले, तेव्हा आम्ही मिस्सेला जाऊन नुसते बसायचो. पुरुष मागे खांबाला टेकून, म्हाताऱ्या जपमाळ ओढत. वेदीवर काय चाललंय ते फादर आणि देव बघून घेतील, असा कारभार. फादर एलायसनी पहिल्याच महिन्यात प्रवचनात सांगितलं, की मिस्सेतल्या काही प्रार्थना दर रविवारी त्याच असतात, त्या माणूस झोपेतही म्हणतो. पण काही दर रविवारी बदलतात, आणि त्यांच्यासाठी जागं राहावं लागतं. तुम्ही मिस्सा ऐकायला येता, आता ती करायला या, असं ते म्हणाले. आणि बोलून थांबले नाहीत. प्रवचनानंतर ज्या चार-पाच विनंत्या देवापुढे मांडतात, त्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना छापील पुस्तकातून वाचणंच त्यांनी बंद केलं. त्या लोकांनी लिहायच्या, लोकांनीच वाचायच्या. दर रविवारी एका आळीची पाळी.

आता लोकांच्या हातात पेन दिल्यावर लोक काय लिहितील? एकाने लिहून आणलं, की माझ्या शेजाऱ्याला सुबुद्धी दे आणि बांधावरची शेवग्याची फांदी त्याला पावसाआधी तोडायला लाव. तेव्हा फादरनी कागद तपासायचं काम माझ्याकडे दिलं. मी नियम केले. तीन ओळींच्या वर जायचं नाही, गावची बोली नको, कोणाचं नाव घ्यायचं नाही, शेवट 'म्हणून आपण प्रभूकडे प्रार्थना करू या' असाच. त्यावर लोकांचा प्रतिसाद, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.'

तो प्रतिसाद ही माझी खरी कमाई. आधी लोक तो असा पुटपुटायचे, की देवाला कान लावून बसावं लागलं असतं. मी सहा आठवडे मिस्सेच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांची तालीम घेतली. वाचणाऱ्याचं संपलं की नाही हे लोकांना कळत नसे, दहा जण आधी सुरू करत आणि वीस जण मागून येत. म्हणून मी सांगितलं, वाचणाऱ्याकडे बघूच नका, माझ्या हाताकडे बघा. दुसऱ्या माइकपाशी मी उभी असेन, माझा उजवा हात वर गेला की सगळ्यांनी एकदम, पोटातून. मी स्वतः म्हणत नसे, कारण माझा आवाज माइकमधून गेला की लोक आयते गप्प बसतात हे मला कळलं होतं. सहा आठवड्यांत सहाशे माणसं माझ्या एका हातावर बोलायला लागली. दुसऱ्या गावचे लोक ते ऐकायला यायचे, आणि मी तोंडावर काही न दाखवता घरी येऊन आईला सगळं सांगायची.

कातरीनबाय माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. मिस्सेत जपमाळ आणायची नाही, असं मी म्हाताऱ्यांना सांगितलं तेव्हा बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. ही मात्र दुसऱ्या रविवारपासून रिकाम्या हाताने आली. स्तोत्राचा प्रतिसाद दर आठवड्याला बदलतो, तो विचारायला शनिवारी आमच्या दारात यायची. मी दोनदा म्हणून दाखवायची आणि ती तो पुटपुटत वाडीकडे जायची. एकदा मी तिला विचारलं, की एवढी मेहनत कशासाठी? तर म्हणाली, "मिंगेल गेल्यापासून नुसतं बसवत नाही गं. म्हणायला काहीतरी असलं की बरं."

मिंगेल तिचा एकुलता मुलगा, तेवीस वर्षांचा. माझ्या धाकट्या भावाचा, इनासचा, जिवलग. इनासचा टेम्पो होता. आळीतली फुलं, केळी, भाजी भरून दोघं पहाटे दादरला जायचे आणि दुपारपर्यंत रिकामा टेम्पो घेऊन परत यायचे. त्या वर्षी मार्च महिन्यात येताना हायवेवर टेम्पो कठड्यावर आदळून उलटला. मिंगेल जागच्या जागी गेला. इनासचा खांदा मोडला.

गावाला एवढंच माहीत होतं, की एका ट्रकने कट मारला आणि पळून गेला. कातरीनबायलाही तेच माहीत होतं. खरं काय ते आमच्या घरात तिघांना ठाऊक. हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी इनासने मला आणि आईला सांगितलं, की ट्रक वगैरे काही नव्हता. त्याचा डोळा लागला होता. आधल्या दिवशी गावात एक लग्न होतं, दोघं दोन रात्री झोपले नव्हते. मिंगेल म्हणाला होता, थांबू या, चहा घेऊ या. हा म्हणाला, आता अर्ध्या तासात घरी.

'ट्रकने कट मारला' हे वाक्य माझं. पोलीस जबाब घ्यायला येण्याआधी खाटेशी बसून मी ते त्याच्याकडून घोकून घेतलं, शाळेत पोरांकडून घेते तसं. तो दोनदा म्हणाला, की कातरीनबायला तरी खरं सांगू दे. मी म्हटलं, सांगून तिचा मुलगा परत येणार आहे का? तू आत जाशील, आई झुरेल, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आईने माझीच बाजू घेतली. त्याने पोलिसांना तेच सांगितलं. पण तेव्हापासून मिस्सेत तो सगळ्यांत मागे, दाराच्या चौकटीशी उभा राहायचा आणि कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, रांग लागली की बाहेर पडायचा. मनावर पाप असलं की ती घेत नाहीत. लग्न केलं की येईल रुळावर, असं म्हणून आम्ही त्याचं जमवून टाकलं. पलीकडच्या गावची बेर्नादेत, चांगली मुलगी. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. एकदा वाचून झाली होती. येत्या रविवारी दुसऱ्यांदा वाचायची होती.

तर त्या रविवारी आमच्याच आळीची पाळी होती आणि कातरीनबाय कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, कशासाठी प्रार्थना करायची? ती म्हणाली, मिंगेलसाठी. मी लिहिलं: 'रस्त्यावरील अपघातांत ज्यांनी आपले प्राण गमावले, त्या सर्व बंधुभगिनींना प्रभूने चिरशांती द्यावी आणि त्यांच्या शोकाकुल कुटुंबीयांचे सांत्वन करावे.' वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "यात एकच नाव घालायचंय."

"नावं घेत नाहीत, बाय. ती सगळ्यांसाठी असते. तुमचा मिंगेल त्यात आलाच की."

"मिंगेल आला," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलू की नको असं तिचं झालं. आतून आईने मला हाक मारली, मी उठले, आणि ते तिथेच राहिलं. नंतर तिने ते वाक्य माझ्याकडून सात-आठ वेळा म्हणून घेतलं आणि पाठ केलं. 'शोकाकुल' तिच्या जिभेवर बसेना. मी तिला ते पाच वेळा म्हणायला लावलं.

रविवारी सातच्या मिस्सेला चर्च भरलं होतं. पहिल्या दोन बाकांवर पहिल्या कम्युनियनची पोरं, त्यांच्यामागे बायका, मग पुरुष. मी माझ्या माइकपाशी. मागे दाराशी इनास दिसला. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो चौकटीला टेकलेला नव्हता, सरळ उभा होता. मला बरं वाटलं. आता तिसऱ्या रविवारपर्यंत माणसात येईल, असा विचार मी केला.

आळीतल्या पाच जणांत कातरीनबाय चौथी. पहिल्या तिघांचं ठरल्याप्रमाणे झालं. ती पायरी चढून स्टँडपाशी आली, माइकला हात न लावता थोडी बाजूलाच उभी राहिली, आणि माझं वाक्य तिने एकही शब्द न चुकता म्हटलं. 'शोकाकुल'सुद्धा. मी हात वर करायच्या बेतात होते. पण ती 'म्हणून आपण प्रभूकडे' म्हणालीच नाही. ती वळली, माइककडे नाही, लोकांकडे. लांब मागे दाराकडे बघत आपल्या बोलीत, विहिरीवर बोलावं तसं बोलायला लागली.

"आणि माझ्या मिंगेलच्या शेजारी मी इनासचं नाव ठेवते. माझ्या घरी येऊन त्याने मला..."

मी हात वर केला.

तिचा आवाज माइकात नव्हता. तिचं बोलणं ऐकलं ते मी, दोन हातांवर उभी होते म्हणून, आणि पुढच्या बाकांवरच्या पोरांनी. मागे काहीच पोचलं नसेल. पण 'माझ्या घरी येऊन' एवढ्यावरून मला सगळं उमगलं होतं. हा गाढव तिला सांगून आलाय आणि ही आता सहाशे माणसांपुढे ते सांगणार. आई तिसऱ्या बाकावर, बेर्नादेतचे वडील उजवीकडे खांबाशी, आणि जबाब घोकून घेणारी मी माइकपाशी. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि हात आपोआप वर गेला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. आपोआप नाही गेला. मी तो नेला.

सहाशे माणसं पोटातून म्हणाली, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

आणि मला जे आजही खाली मान घालायला लावतं ते हे, की तीही म्हणाली. मीच शिकवलं होतं ना, हात वर गेला की म्हणायचं. तिने वाक्य अर्धं सोडलं आणि सगळ्यांच्या बरोबर, मोठ्याने, माझ्या हाताकडे बघत म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिने पुन्हा तोंड उघडलं. मी पाचव्या वाचणाऱ्याला डोळ्यांनी खूण केली, तो आज्ञाधारक प्राणी लगबगीने वर आला, आणि कातरीनबाय त्याला जागा देत पायरी उतरली. उतरताना ती वेदीपुढे वाकली, मी शिकवलं होतं तेवढीच.

शेवटी इनास आणि बेर्नादेतची नावं वाचली गेली. कोणाची हरकत आली नाही. इनास तेव्हा दाराशी नव्हता.

दुपारी जेवायच्या वेळेला तो मागच्या पडवीत माझ्याकडे आला. मी मासे साफ करत होते. तो उभ्या उभ्या म्हणाला, "फिलू, तू तिच्या जवळ होतीस. मला मागे काही ऐकू आलं नाही. कातरीनबायने माझं नाव घेतलं का?"

"नाही," मी म्हणाले.

विचार करून नाही म्हणाले. चोराला विचारलं तर तो जसं नाही म्हणतो, तसं तोंडातून गेलं. वरून मी विचारलं, तुझं नाव ती कशाला घेईल? तेव्हा तो पडवीच्या पायरीवर बसला आणि त्याने सांगितलं. बुधवारी तो तिच्याकडे गेला होता. खरं काय झालं ते सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. ती रडली नाही, ओरडली नाही. बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, की आत्ता तुझ्या तोंडावर मला काही बोलता येत नाही. रविवारी आपली पाळी आहे. मिंगेलची प्रार्थना मी करणार आहे. त्याच्या शेजारी तुझं नाव घेतलं तर समज, माझ्याकडून सुटलास. मग माझ्याबरोबर रांगेत ये आणि कम्युनियन घे. नाही घेतलं तर मला जमलं नाही असं समज, आणि मला विचारायला येऊ नकोस.

"मी तयारीने गेलो होतो गं," तो म्हणाला. "आदल्या दिवशी फादरपुढे पाप सांगून कन्फेशनही केलं."

माझ्या हातात बोंबलाचे तुकडे होते. वेळ होता माझ्याकडे. तो अर्धा तास तिथेच बसून होता, आणि 'अरे, घेतलं तिने, मीच मध्ये आडवी आले' एवढंच म्हणायचं होतं. पण मग मला सांगावं लागलं असतं, की मी काय केलं. माझ्या भावाची सुटका आणि माझी लाज, दोन्ही त्या पडवीत समोरासमोर होती. मी मासे धुतले. पाणी बदलून पुन्हा धुतले. मग त्याला म्हणाले, "म्हातारी आहे, तिला वेळ लागेल. जेवून घे."

तो जेवला नाही. त्याच आठवड्यात तो बेर्नादेतच्या घरी जाऊन लग्न मोडून आला. कारण सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारी नावं वाचलीच गेली नाहीत. टेम्पो विकला, आणि महिन्याभरात आळीतल्या एकाच्या ओळखीने मस्कतला गॅरेजमध्ये कामाला गेला. पुन्हा त्याने गाडी चालवली नाही. लग्नही केलं नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, की माझ्या पोराला कोणाची तरी नजर लागली. मी तिला त्याच्या फोटोवरून मीठ-मिरच्या ओवाळू दिल्या.

तो गेल्यावर चार दिवसांनी कातरीनबाय आमच्या ओटीवर आली. बसली नाही.

"फिलू, त्याने ऐकलं ना गं? माझा आवाज पोचला ना मागे?"

तुम्हाला वाटेल, आता तरी ही सांगेल. मी म्हणाले, "हो, ऐकलं त्याने."

"मग मला न भेटता कसा गेला?"

"घाई होती. कागदपत्रं आली होती."

"बरं," ती म्हणाली. "त्याला नसेल जमलं." आणि गेली.

असं मी केलं. एकाला नाही म्हणाले, दुसरीला हो म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांना शोधायचं थांबवलं. त्याला वाटलं तिने माफ केलं नाही. तिला वाटलं, माफ केलं तरी त्याला ते नको होतं. पुढच्या रविवारी कातरीनबायच्या हातात पुन्हा जपमाळ होती. स्तोत्राच्या वेळी ती मणी ओढत होती, प्रतिसादाच्या वेळीही. माझा हात वर गेला तेव्हा तिने मान वर केली नाही. तिला जपमाळ ठेवायला सांगायची माझी छाती झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी ते काम सोडलं असेल. छे. आणखी अकरा वर्षं मी हात वर करत होते. शेवटी नवे फादर आले, त्यांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, 'लोकांना प्रार्थना करायला शिकवणारी भगिनी' असं म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कातरीनबायही होती. कन्फेशनला गेले नाही असंही नाही. गेले. 'दोनदा खोटं बोलले' असं सांगितलं. किती वेळा ते विचारतात, कोणाशी ते नाही. फादरनी पाच 'नमो मारिया' म्हणायला सांगितल्या. त्या मी चर्चच्या दारातच म्हणून टाकल्या.

कातरीनबाय जाऊन सतरा वर्षं झाली. तिच्या आजारपणात मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा पेज देऊन परत आले.

गेल्या जानेवारीत आई गेली. इनास आला. आता एकसष्ट वर्षांचा, डोकं पांढरं, मोडलेला खांदा थोडा खाली. आईच्या मिस्सेला तो चर्चमध्ये आला नाही. बाहेर चिंचेखाली उभा राहिला, आणि पेटी बाहेर आली तेव्हा पुढे होऊन खांदा दिला, तोच मोडलेला. दफनभूमीतून लोक गेल्यावर आम्ही दोघंच मागे राहिलो. त्याने विचारलं, की कातरीनबाय कुठे आहे? मी त्याला भिंतीपाशी नेलं. तिथे हाडं ठेवायचे कप्पे आहेत, त्यावर नावांच्या पाट्या. मिंगेलच्या पाटीखाली तिची. तो टोपी काढून उभा राहिला आणि पाटी वाचत राहिला. दोनच ओळी, पण त्याचं वाचून होईना.

"तिने घेतलं होतं तुझं नाव," मी म्हणाले.

तो वळला नाही. "कधी?"

"त्या रविवारी. तू दाराशी होतास तेव्हा."

मग मी सगळं सांगितलं. हाताचं, पडवीतल्या 'नाही'चं, आणि ओटीवरच्या 'हो'चं. छत्तीस वर्षं जे सांगायला एक जन्म लागेल असं वाटत होतं, ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मला हवंच होतं. तो खाली कट्ट्यावर बसला, हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून.

"काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग."

"म्हणाली, आणि माझ्या मिंगेलच्या शेजारी मी इनासचं नाव ठेवते. माझ्या घरी येऊन त्याने मला..."

"पुढे?"

"पुढचं मी बोलू दिलं नाही."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेही सांगितलं. तो ओठ हलवत होता, शनिवारी वाडीकडे जाताना कातरीनबाय हलवायची तसे. मग त्याने विचारलं, "आणि त्यावर लोक काय म्हणाले?"

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

"सगळे?"

"सगळे. सहाशे माणसं. मोठ्याने."

"ती?"

"तीही."

त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "म्हणजे गावाने केली माझ्यासाठी प्रार्थना," तो हळूच म्हणाला. "कोणाला ठाऊक नव्हतं, पण केली." मग त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी शाळेतून आले की खाऊ आणलाय का म्हणून बघायचा, तसं काहीतरी मागत असल्यासारखं.

"आणि तू, फिलू? तू म्हणालीस का?"

हो म्हणणं सोपं होतं. ते जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी फक्त हात वर केला."